एकच मसाला, तीन गिऱ्हाइकं: खान्देशातल्या छोट्या व्यवसायाने नेमक्या गटासाठी जाहिरात कशी करावी

धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठल्याही बाजारपेठेत फ्लेक्स वाचत निघा. ‘सर्व प्रकारचे मिळेल’, ‘योग्य दरात’, ‘एकदा अवश्य भेट द्या’. किराणा दुकान असो, मोबाइल शॉपी असो, ठिबकचा डीलर असो की मंगल कार्यालय, ओळी त्याच. वाचणाऱ्याला त्यात ‘हे माझ्यासाठी आहे’ असं काहीच सापडत नाही आणि तो पुढे जातो. फ्लेक्सचे पैसे मात्र गेलेले असतात. ज्यांच्याकडे जाहिरातीला वर्षाकाठी जेमतेम पंधरा-वीस हजार रुपये निघतात, त्यांना हे परवडत नाही. म्हणून हा लेख त्यांच्यासाठी आहे.

गिऱ्हाइकांचे गट पाडून प्रत्येक गटाकडे वेगळं बघायचं, ही कल्पना मार्केटिंगच्या अभ्यासात वेंडेल स्मिथ या अमेरिकन अभ्यासकाने १९५६ मध्ये मांडली. पुस्तकात हे गट बहुतेक वेळा वय, उत्पन्न, शिक्षण यांवरून पाडलेले दिसतात. आपल्याकडे त्याने फारसं हाती लागत नाही. रावेरचा पस्तिशीतला केळीवाला आणि साक्रीचा पस्तिशीतला कोरडवाहू शेतकरी वयाने सारखेच, पण खरेदीच्या बाबतीत त्यांच्यात काहीच सारखं नाही. माझ्या मते खान्देशात गट पाडताना तीन प्रश्न धरावेत. पैसा हातात कधी येतो? घ्यायचं की नाही हे घरात कोण ठरवतं? आणि ही गरज आज ते कशी भागवतात? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विसरला जातो आणि सगळ्यात जास्त पैसे तोच वाचवतो.

पहिलं काम: जुनी वही उघडा

जाहिरातीचा मजकूर सुचण्याआधी मागच्या वर्षभराची बिलं, यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे ऑर्डरचे मेसेज एकत्र करा. एका वहीत रकाने आखा: कोण, कुठून, कोणत्या महिन्यात, किती, कशासाठी घेतलं आणि आपल्याबद्दल कसं कळलं. सगळं आठवणार नाही. जे गिऱ्हाईक नेहमीचं आहे त्याला फोन करून विचारा, कोणी राग मानत नाही.

‘कशासाठी’ हा रकाना मन लावून भरा. दोन किलो मसाला नेणारी बाई घरासाठी नेते, सुरतेच्या बहिणीला पाठवायला नेते की जेवणावळीच्या आचाऱ्यासाठी नेते, यावर तुमची पुढची सगळी जाहिरात अवलंबून आहे. धंदा नवाच असेल आणि वही कोरी असेल, तर त्याच धंद्यातल्या ओळखीच्या दुकानात चार दिवस बसा आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक काय बोलतं ते टिपा.

दुसरं काम: गट पाडा आणि तिसरा प्रश्न नीट विचारा

एक उदाहरण शेवटपर्यंत धरू. समजा, अमळनेरात तुमचा काळ्या मसाल्याचा घरगुती उद्योग आहे. वही बघितल्यावर तीन प्रकारची गिऱ्हाइकं दिसतात.

पहिला गट अमळनेर, पारोळा, धरणगाव भागातल्या घरांचा. संख्येने सगळ्यात मोठा, म्हणून नवा उद्योजक आधी याच गटाच्या मागे धावतो. पण या घरांत आज मसाल्याची गरज कशी भागते? उन्हाळ्यात मिरची आणायची, उन्हात वाळवायची, खडा मसाला भाजायचा आणि कांडप यंत्रावर जाऊन वर्षाचा मसाला करून बरणीत भरायचा. प्रत्येक घराचं प्रमाण ठरलेलं असतं आणि त्याचा अभिमानही असतो. अशा घराला ‘आमचा मसाला तुमच्यापेक्षा चांगला’ हे सांगणं म्हणजे त्या घरच्या सासूला आव्हान देणं. या गटाला पुडी विकायचीच नाही. यांना कांडप विका: ‘मिरची तुमची, प्रमाण तुमचं, तुमच्या डोळ्यांसमोर दळून मिळेल, आधी फोन करून नंबर लावा.’ मार्च ते मे एवढाच याचा हंगाम.

दुसरा गट धाबे, हॉटेलं आणि जेवणावळीचे आचारी. शेवभाजी, रस्सा, मटण यांना काळा मसाला किलोंनी लागतो. यांची अडचण चवीपेक्षा वेगळी असते. आजचा आणि पुढच्या महिन्याचा मसाला एकसारखा निघेल का, लग्नसराईत ऐनवेळी मिळेल का आणि उधारी किती दिवसांची, हे त्यांचे प्रश्न.

तिसरा गट गाव सोडून गेलेल्यांचा. सुरतेत उधना, लिंबायत भागात, नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या आसपास, पिंपरी-चिंचवडला खान्देशी माणसांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीत मिरची वाळवायला जागा नाही, कांडप यंत्र जवळ नाही, आणि दुकानातल्या पुडीला गावची चव नाही. आज त्यांची गरज भागते ती गावाहून येणाऱ्याच्या पिशवीतून. ती पिशवी संपली की दोन-तीन महिने कसंतरी चालवावं लागतं, आणि तुमची जागा नेमकी त्या दोन-तीन महिन्यांत आहे.

माल एकच. पण पहिल्या गटाला सेवा हवी आहे, दुसऱ्याला भरवसा आणि तिसऱ्याला गाव. या तिघांना एकाच फ्लेक्सवर बसवता येत नाही.

तिसरं काम: एकच गट निवडा

निवडताना तीन गोष्टी तपासा. हा गट कुठे एकत्र सापडतो का? त्याच्यापर्यंत माल पोचवण्याचा खर्च सुटतो का? आणि एकदा घेतल्यावर तो पुन्हा घेईल का? सुरतेचा गट या तिन्हींत उतरतो. भुसावळ-सुरत रेल्वेमार्ग जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारवरूनच जातो, खाजगी ट्रॅव्हल्सने पार्सल जातं, आणि मसाला महिनोन्‌महिने टिकतो. पापड-कुरडया तितक्या सहज जात नाहीत, वाटेत चुरा होतो. म्हणून सुरुवात मसाल्यानेच करावी.

बाकीचे दोन गट सोडून द्यायचे नाहीत. त्यांनी मागितलं तर माल द्यायचाच. फक्त जाहिरातीचा रुपया पहिले सहा महिने एका गटावरच खर्च करायचा. हा निर्णय मनाला जड जातो, पण थोडे पैसे तीन ठिकाणी वाटले तर तिन्हीकडे कोणाला दिसतच नाहीत.

चौथं काम: त्यांच्याशी बोला, पण मत विचारू नका

‘आमचा मसाला घ्याल का?’ असं विचारलं की आपली माणसं तोंडावर ‘घेऊ ना’ म्हणतात. त्या उत्तराला किंमत नाही. झालेल्या गोष्टी विचारा. शेवटचा मसाला कुठून आला? कोणी आणला? संपल्यावर काय केलं? किती पैसे दिले? बाहेरची पुडी घेऊन बघितली असेल तर काय आवडलं नाही? आठ-दहा घरांशी असं बोललात की उत्तरं सारखी येऊ लागतात. तिथे थांबा.

बोलताना त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. कोणी म्हणेल, ‘पुडीच्या मसाल्याला नुसता रंग असतो, वास नसतो.’ कोणी म्हणेल, ‘पोरगं शेवभाजीच्या नावाने हॉटेलात जातं, घरची खात नाही.’ जाहिरातीतली सगळ्यात चांगली ओळ बहुतेक वेळा अशाच वाक्यात असते, आपण टेबलाशी बसून ती रचू शकत नाही.

पाचवं काम: एक वाक्य पक्कं करा

कागदावर हे वाक्य भरा: ‘अमक्याला, अमक्या वेळी, अमुक अडचण येते, त्यावर आम्ही हे देतो, आणि पटत नसेल तर हा पुरावा.’ आपल्या उदाहरणात: सुरतेत राहणाऱ्या खान्देशी घराला, गावाहून आणलेला मसाला संपल्यावर, गावची चव मिळत नाही, आम्ही अमळनेरात भाजून कांडलेला मसाला अर्ध्या किलोच्या पाकिटात घरपोच देतो, भाजण्या-कांडण्याचा व्हिडिओ बघा आणि आधी पन्नास ग्रॅमची पुडी मागवून खात्री करा.

हे वाक्य छापायचं नसतं. पोस्टर, रील, रिक्षावरची घोषणा, काहीही करताना ते या वाक्याशी ताडून बघायचं. त्यात नसलेली गोष्ट जाहिरातीत आली असेल तर ती काढून टाका. ‘लोणचं, पापड, शेवया, सर्व प्रकारचे मसाले’ ही लांबलचक यादी तिथेच गळते.

छोट्या पुडीचा मुद्दा साधा वाटतो, पण तिची ताकद मोठी आहे. चिक शाम्पूने दक्षिण भारतातल्या खेड्यांत ज्यांना पूर्ण बाटली परवडत नव्हती त्यांच्यासाठी स्वस्त पुडी काढली आणि शाम्पू कसा लावायचा याची प्रात्यक्षिकं दाखवली. वस्तू, किंमत आणि जाहिरात, तिन्ही एकाच गटाकडे तोंड करून होत्या. गट बदलला की नुसती घोषणा बदलून भागत नाही, पाकिटाचं मापही बदलावं लागतं. धाब्याला पन्नास ग्रॅमची पुडी घेऊन गेलात तर तो तुम्हाला गंभीरपणे घेणारच नाही.

सहावं काम: भाषा

इथे जरा थांबायला हवं, कारण खान्देश म्हणजे एकच बोली नव्हे. धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, साक्री भागात अहिराणी. पूर्वेला रावेर, यावल, भुसावळकडे लेवा गणबोली आणि तावडी. शहाद्याकडे गुजर समाजाची बोली. सातपुड्यात भिली आणि पावरी. अमळनेरची अहिराणी जाहिरात सावद्याला ऐकवली तर कळेल, पण ‘हे आपलं नाही’ हेही कळेल.

माझं मत असं की छापायचं मराठीत आणि बोलायचं बोलीत. आपल्या बहुतेक लोकांना बोली कानाने येते. डोळ्यांना वाचायची सवय मराठीची आहे. अहिराणीत छापलेलं लांब पत्रक अडखळत वाचलं जातं, तीच गोष्ट आवाजात आली की माणूस थबकतो. पोस्टरवर फार तर एक ओळ बोलीत ठेवा. आपल्या उदाहरणात ‘मायना हातनी चव, आते सुरतमा बी’ (आईच्या हातची चव, आता सुरतेतही) एवढी पुरे. खाली किंमत, वजन, फोन नंबर साध्या मराठीत.

आवाज त्याच भागातल्या माणसाचा घ्या. शहरातल्या स्टुडिओतल्या कलाकाराने हेल काढून केलेली अहिराणी ऐकणाऱ्याला टोचते, त्यात आपली चेष्टा केल्याचा भास होतो. मालाबद्दल मनापासून बोलणारी तुमच्याच घरातली मावशी चालेल.

चित्राचंही तसंच. मसाल्याच्या जाहिरातीत भरताचा फोटो टाकायचा मोह होतो, कारण खान्देश म्हटलं की भरीत. पण आपल्या भरताला हिरवी मिरची लागते, काळा मसाला नाही. खान्देशी बाई तो फोटो बघताक्षणी ओळखेल की हे बनवणाऱ्याला आपलं स्वयंपाकघर माहीत नाही. फोटो शेवभाजीचा टाका.

सातवं काम: माध्यम

गट ठरला की माध्यम बरंचसं आपोआप ठरतं.

सुरतेच्या गटासाठी फेसबुक आणि इन्स्टाग्राम. जाहिरात लावताना पूर्ण सुरत निवडू नका, वस्ती जिथे आहे तिथे नकाशावर पिन टाकून काही किलोमीटरचा घेर द्या. ‘मराठी भाषा’ ही गाळणी मात्र लावू नका. ती अ‍ॅपच्या सेटिंगमधल्या भाषेवर चालते, आणि आपल्या बऱ्याच लोकांचे फोन इंग्रजी, हिंदी नाहीतर गुजरातीत असतात. योग्य माणूस निवडण्याचं काम जाहिरातीच्या पहिल्या ओळीवर सोपवा. ‘कानबाईला गावाला चाललात का?’ (कानबाई हा आपला श्रावणातला सण) असं लिहिलं की खान्देशी माणूस थांबतो आणि बाकीचे सरकतात. जाहिरातीवर दाबलं की थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडेल असा पर्याय निवडा, वेबसाइटची गरज नाही. फेसबुकचा खर्च धरताना त्यावरचा १८ टक्के जीएसटीही हिशेबात घ्या.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला लेबल लावा: ‘सुरत घरगुती’, ‘आचारी’, ‘कांडप’. ब्रॉडकास्ट मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असतो. म्हणून पहिल्या पार्सलमध्येच एक चिठ्ठी टाका: ‘नंबर सेव्ह करा, नवा मसाला कांडला की कळवू.’

धाब्यांसाठी जाहिरात करूच नका. दुपारी तीन ते पाच, गर्दी नसताना, नमुना घेऊन जा. त्यांच्याच कढईत त्यांच्याच आचाऱ्याला एक भाजी करू द्या. मालक पैसे देतो, पण मसाला बदलायचा की नाही हे आचारी ठरवतो, त्यामुळे मान त्याला द्या.

कांडपासाठी आठवडे बाजार, रिक्षावरचा भोंगा आणि बचत गटाच्या बैठका. बाजाराच्या दिवशी सकाळी, मिरची घेणाऱ्या बायका जिथे उभ्या असतात तिथेच पत्रक द्यावं. बजेट जरा मोठं असेल आणि अनेक तालुक्यांत पोचायचं असेल तर आकाशवाणीच्या जळगाव केंद्राचे दर विचारायला हरकत नाही.

आठवं काम: वेळ

आपल्याकडे पैशाचा हंगाम असतो. कापूस घरात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येतो, पण भाव पडलेला असेल तर शेतकरी तो विकत नाही, खोल्या भरून ठेवतो. त्यामुळे ‘दिवाळीत लोकांकडे पैसा असतो’ हे गृहीत धरून केलेली जाहिरात कापूसपट्ट्यात एखाद्या वर्षी साफ वाया जाऊ शकते. जाहिरात ठरवण्याआधी एकदा कापसाचा भाव विचारा. पगारदारांसाठी महिन्याचा पहिला आठवडा, मजुरांसाठी बाजाराचा दिवस.

केळीचा हिशोब आणखी वेगळा. तुम्ही टिश्यू कल्चरची रोपं किंवा ठिबकचे सुटे भाग विकत असाल तर रावेर-यावल-चोपड्याचा केळीवाला हा तुमच्यासाठी एक गट नाही, किमान दोन आहेत. मृगबाग लावणारा पावसाळ्याच्या तोंडावर लावतो, कांदेबाग लावणारा पावसाळा सरताना. दोघांचं रोपांचं बुकिंग, दोघांची चिंता वेगळ्या महिन्यांत येते. शिवाय केळीवाला पत्रकापेक्षा बांधावरून शेजारच्या बागेकडे बघून ठरवतो. इथे जाहिरातीचा पैसा एका चांगल्या बागेत शिवारफेरी ठेवण्यावर खर्च करावा, आणि बोलायला विक्रेत्याऐवजी बागमालकाला उभं करावं.

सुरतेच्या मसाल्यासाठी दोन तारखा सोन्यासारख्या आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्या परत निघताना पिशवीत मसाला जातो, म्हणून तेव्हा गावात बोर्ड लावा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोटांसाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, भाऊबंद बाहेरगावाहून गोळा होतात. त्याच्या दहा-बारा दिवस आधी सुरतेत जाहिरात सुरू करा, ‘गावाला आलात की दुकानावरून घेऊन जा’ असा मजकूर ठेवा. आणि या माणसांची नेलेली बरणी साधारण दिवाळीनंतर रिकामी होते. तेव्हा घरपोच पार्सलची जाहिरात लावा.

नंदुरबारबद्दल वेगळं

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. यावरून पुष्कळ जण अख्ख्या जिल्ह्याचा ‘आदिवासी मार्केट’ असा एक गट करतात. हे चुकीचं आहे. शहादा-तळोद्याच्या सपाटीवरचा बागायतदार, नवापूरचा पोल्ट्रीवाला, धडगावच्या डोंगरातलं आमचूर-मोह विकणारं घर आणि ऊसतोडीला गुजरातेत जाणारं कुटुंब यांच्या गरजा आणि पैशाच्या वेळा वेगळ्या आहेत. सातपुड्यात सगळ्यात मोठा सण होळीचा. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात वर्षाची खरेदी होते आणि बाहेर कामाला गेलेले लोक परततात. तिथे विकायचं असेल तर दिवाळीची ऑफर मार्चपर्यंत राखून ठेवावी.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. पावरी-भिली बोलणाऱ्या माणसाला जाहिरातीत मोरपीस आणि ढोल घेऊन नाचवू नका. तो मोटरसायकलवरून बँकेत जाणारा, मुलीच्या कॉलेजची फी भरणारा माणूस आहे. त्याला तसाच दाखवा.

नववं काम: छोटी चाचणी

दोन जाहिराती बनवा आणि त्यांत फक्त एक गोष्ट वेगळी ठेवा. एकीत पहिली ओळ ‘गावचा मसाला संपला?’, दुसरीत ‘पन्नास ग्रॅम चाखून बघा, मग ठरवा’. फोटो, किंमत, भाग, दिवस सगळं तेच. चार-पाच दिवस चालवा. कोणत्या जाहिरातीवरून आलं ते कळावं म्हणून दोघींत वेगळा सांकेतिक शब्द द्या, ‘मेसेजमध्ये आखाजी लिहा’ आणि ‘मेसेजमध्ये कानबाई लिहा’. पत्रकावर हेच काम वेगळ्या रंगाच्या कागदाने होतं.

लाइक मोजू नका. समजा, १,५०० रुपये खर्चून ४० मेसेज आले आणि त्यातून ६ ऑर्डरी झाल्या. एका ऑर्डरमागे २५० रुपये जाहिरातीचे गेले. अर्ध्या किलोवर तुमचा नफा १२० रुपये असेल तर पहिल्या ऑर्डरीला तोटाच आहे. पण त्या सहांपैकी चौघं वर्षात आणखी तीन-तीन वेळा घेत असतील तर हिशोब फिरतो. म्हणून खरा आकडा सहा महिन्यांनी कळतो: किती जण पुन्हा आले.

मेसेज भरपूर आणि ऑर्डर कमी, असं झालं तर दोष बहुधा जाहिरातीत नसतो. किंमत, पार्सलचा खर्च किंवा उत्तर द्यायला लागलेला उशीर तपासा. मेसेजच येत नसतील तर पहिली ओळ किंवा भाग चुकलाय.

कायद्याचं थोडक्यात

पाकिटावर वजन, किंमत, तारीख, पत्ता आणि एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) चौदा आकडी क्रमांक असू द्या. ‘मधुमेह बरा होतो’, ‘कॅन्सरवर गुणकारी’ असले दावे १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याखाली गुन्हा ठरतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण त्याचं चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. जळगावात दुकान असणं पुरेसं नाही. आणि नंबरांच्या याद्या विकत घेऊ नका. लोकांच्या माहितीबाबत २०२३ चा कायदा आहेच, शिवाय विकतची यादी म्हणजे गट नसलेली गर्दी.

दुसऱ्या गटाकडे कधी वळायचं

पहिल्या गटातून पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकांवर जाहिरातीचा खर्च भागू लागला आणि मालाचा साठा हाताळता येऊ लागला, की दुसरा गट घ्या. तो पहिल्याच्या शेजारचा असला तर बरं: सुरतेनंतर नाशिक आणि पिंपरी-चिंचवड. तिथे वाक्य तेच चालतं, पण पार्सलचा मार्ग आणि वस्तीचे भाग नव्याने शोधावे लागतात, आणि आठ-दहा घरांशी पुन्हा बोलावं लागतं. धाब्यांचा गट मात्र वेगळा धंदा समजूनच सुरू करा. त्याला वेगळी उधारीची वही, मोठी पोती आणि महिन्याला ठरलेला माल लागतो. घरगुती भट्टीवर तेवढा मसाला एकसारखा भाजून निघत नसेल, तर आधी भट्टी वाढवा आणि मगच आचाऱ्याच्या दारात जा.